तुम्ही विचारलंत म्हणून: मामांची एमजीबी की माझी सिटी?

पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवात, अगदी बँकेच्या रांगेतही मला हा प्रश्न येतो: "ताई, दारात जुनी स्पोर्ट्स कार आहे, नवी सेडानही आहे. भारी कुठली? आणि एकच ठेवायची झाली तर?"

आधी वेगाचं सांगते, कारण तिथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो. मामांची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६५ ची. इंजिन १७९८ सीसीचं, नवी असताना ताकद ९५ अश्वशक्ती. माझी होंडा सिटी १४९८ सीसीची, तरी १२१ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). सरळ रस्त्यावर सिटी पुढं जाते. त्यात वाद नाही.

पण साताऱ्यात समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागा. सिटीत तो कधी संपला ते कळत नाही. काचा बंद, गाणी चालू, स्टिअरिंग लोण्यासारखं. एमजीबीला पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर बारीक खडी सांडलेली असली तर ती आधी तळहाताला कळते. सीट इतकी खाली की कठड्याचे दगड खांद्याजवळून पळतात. चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो, आणि त्या घाटात चाळीस पुरे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळं चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. हे न कुरकुरता जमलं त्या दिवशी मी कासपर्यंत एकटीच हसत गेले होते. मला गाडी चालवायला आवडतं हे मला त्या घाटानं शिकवलं.

ही गाडी साताऱ्यात टिकली ती अँबॅसेडरच्या पुण्याईनं. अँबॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज या एकाच घराण्यातली. आमच्या मिस्त्रींची उमेदीची वर्षं अँबॅसेडर टॅक्सींखाली गेली. मामांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हे तर आपल्याच घरातलं." तिचे दोन एसयू कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा नि पेट्रोल मिसळणारे भाग) ते रबरी नळी कानाला लावून जुळवतात: नळीचं दुसरं टोक एकाच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवेची फुसफुस दोन्हीकडं सारखी आली की झालं. मामा गेल्यावर मिस्त्रींनी ते मलाही शिकवलं. सिटीचं बॉनेट मी वायपरचं पाणी भरायलाच उघडते. बाकी सगळं सर्व्हिस सेंटरचा संगणक बघतो.

तरीही पावसात एमजीबी काढत नाही. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस नाही, एअरबॅग नाही, आणि कापडी हुडच्या कडेनं पाणी मांडीवर ठिबकतं. धुक्यात, ओल्या उतारावर मला सिटीचेच ब्रेक हवेत.

आता एकच ठेवायची तर. आईचे गुडघे गेलेत. एमजीबीत तिला बसवता येतं, उठवता येत नाही. मागच्या दिवाळीत दोघांनी हात धरून काढली. दर महिन्याला तिला पुण्याला डॉक्टरांकडं न्यायचं असतं. पुढची सीट मागं सारून, पाय लांब करून ती खंबाटकीच्या आधीच झोपते आणि कात्रज आलं की विचारते, "पोचलो का गं?"

म्हणून आज विचारलंत तर सिटी.