स्मार्ट जलमापकांचे नियोजन झाकणाखालून सुरू व्हावे

शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी स्मार्ट मीटरची योजना आखायचे ठरले की बैठकीतली चर्चा बहुधा संगणकाच्या पडद्यापासून सुरू होते. आलेख कसे दिसतील, ग्राहकाला मोबाइलवर रोजचा वापर कसा कळेल, देयके किती लवकर निघतील, याच प्रश्नांवर बराच वेळ जातो. गेली काही वर्षे या कामात घालवल्यावर माझे मत पक्के झाले आहे की हा क्रम उलटा हवा. मीटर ज्या खड्ड्यात बसणार आहे तो खड्डा आधी उघडून पाहावा आणि पडद्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

प्रायोगिक टप्प्यात बसवलेल्या एका मीटरकडून वाचन येणे बंद झाले, तेव्हा आम्ही प्रत्यक्ष जाऊन चेंबरचे बिडाचे झाकण पहारीने उचलले. आत मीटर गढूळ पाण्यात बुडालेला होता. काचेवरचा चिखल बोटाने पुसला, तर आकडे व्यवस्थित पुढे सरकत होते. झाकण बाजूला ठेवून साचलेले पाणी उपसले तेव्हा संदेश केंद्रावर पोहोचू लागला आणि झाकण पुन्हा बसवताच तो थांबला. मीटर निर्दोष होता. धातू आणि पाणी या दोघांनी मिळून रेडिओ लहरी अडवल्या होत्या. अशा ठिकाणी फायबरचे झाकण, बाहेर काढलेला अँटेना किंवा मीटरची बदललेली जागा यांपैकी काहीतरी लागते आणि त्याचा खर्च निविदेत आधीच धरलेला नसेल, तर तो पुढे वादाचे कारण ठरतो.

क्षीण सिग्नलचा भार बॅटरीवरही पडतो. मीटरचे छोटे संदेश दूरवर नेणारे बिनतारी तंत्रज्ञान लोरावॅन असो वा मोबाइल जाळ्यावर चालणारे एनबी-आयओटी, सिग्नल कमकुवत असेल तर एकाच संदेशासाठी उपकरणाला जास्त वेळ किंवा जास्त शक्तीने प्रक्षेपण करावे लागते आणि दहा-पंधरा वर्षांसाठी कल्पिलेली लिथियम बॅटरी त्याआधीच संपू शकते. म्हणून दर तासाचे वाचन मीटरमध्येच साठवून दिवसातून एकदाच पाठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. देयकासाठी आणि गळती शोधण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते.

मीटरची निवड करताना केवळ व्यास पाहून भागत नाही. आयएसओ ४०६४ या पाण्याच्या मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात कायम प्रवाह (मीटर सतत नीट मोजू शकेल असा कमाल प्रवाह) आणि किमान प्रवाह (ज्याच्याखाली अचूकतेची हमी नसते तो प्रवाह) यांचे गुणोत्तर दिलेले असते. ताशी २,५०० लिटर कायम प्रवाहाच्या मीटरचे गुणोत्तर ८० असेल, तर ताशी सुमारे ३१ लिटरच्या खाली त्याच्या अचूकतेची हमी राहत नाही. गुणोत्तर ४०० असेल, तर ही मर्यादा सव्वासहा लिटरपर्यंत उतरते. शौचालयाच्या टाकीतून ताशी १० लिटर पाणी सतत झिरपत असेल, तर दिवसाला २४० लिटर वाया जातात, आणि पहिल्या मीटरला त्याचा पत्ताही न लागण्याची शक्यता मोठी. गच्चीवरची टाकी भरत आली आणि फ्लोट व्हॉल्व्ह हळूहळू मिटू लागला की असाच बारीक प्रवाह तयार होतो. महागडी संपर्कयंत्रणा जोडली म्हणून मीटरला न दिसलेले पाणी हिशेबात येत नाही, हे निविदा लिहिणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे. पाणी ठरावीक तासच सोडले जात असेल, तर आणखी एक अडचण येते: नळात आधी हवा धावते आणि यांत्रिक मीटरचे चक्र त्या हवेनेही फिरते. ग्राहकाची तक्रार अशा वेळी खरी असते.

या सर्व खटाटोपातून मिळणारा मोठा लाभ माझ्या दृष्टीने वेळेचा आहे. जुन्या पद्धतीत एकेका घराचे वाचन महिनाभर वेगवेगळ्या दिवशी घेतले जाई, त्यामुळे विभागात शिरलेले पाणी आणि घरोघरी पोहोचलेले पाणी यांची एकाच कालावधीची तुलना होतच नसे. साधारण पाचशे ते तीन हजार जोडण्यांचा विभाग आखून त्याच्या प्रवेशावर मोठा मीटर बसवला आणि सर्व मीटरमधली घड्याळे जुळलेली ठेवली, तर पहाटे दोन ते चारच्या दरम्यानचा फरक थेट वाहिनीतल्या गळतीकडे बोट दाखवतो. अट इतकीच की विभागाच्या सीमेवरचे व्हॉल्व्ह खरोखर बंद असावेत आणि पुरवठा चोवीस तास असावा. घरांतले मीटर बसवण्याआधी हे विभाग पक्के करावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

तासातासाच्या वापरावरून घर केव्हा रिकामे असते हेही कळते. त्यामुळे संदेशांचे कूटबद्धीकरण आणि माहिती कोणी पाहावी याचे नियम पहिल्या दिवसापासून हवेत.

मग राहते ग्राहकांची नोंदवही. एकाच क्रमांकावर दोन जोडण्या, बंद घराच्या नावावरचा चालू नळ, बदललेला पण नोंद न झालेला मीटर, हे सारे मीटर वाचकांना तोंडपाठ असते. सर्वेक्षणात त्यांना सोबत घेतले नाही, तर चुकीच्या नोंदी नव्या प्रणालीत जशाच्या तशा उतरतात. मीटर बदलण्याच्या दिवशी जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा, दोन्ही मीटरचे अनुक्रमांक आणि चेंबरची जागा यांचे छायाचित्र ग्राहकासमोरच काढावे आणि जुना मीटर पहिले देयक मान्य होईपर्यंत मोडीत काढू नये.