आमची वाटचाल : रायफल चांगली, पण काडतूस कुठनं आणणार?

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि शिकारखान्यात बंदुका सांभाळणारे आमचे आजोबा घरी बसले. हातात कसब होतं, सरदार-इनामदारांच्या ओळखी होत्या. लक्ष्मीपुरीत गाळा घेऊन त्यांनी आधी दुरुस्तीचा आणि मग विक्रीचा परवाना काढला. आज तिथं तिसरी पिढी बसते. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मालक, सगळ्यात भारी रायफल कुठली?" यावर आजोबांचा उलट प्रश्न ठरलेला असायचा, "काडतूस कुठनं आणणार ते आधी सांग."

आमचा सगळा धंदा या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

आजोबांच्या काळात दुरुस्तीला यायच्या त्या वाड्यांवरच्या रायफली : जर्मन मौझर, ऑस्ट्रियाची मॅनलिखर-शोनाअर, इंग्लंडची बीएसए. मॅनलिखरचं गोल फिरणारं मॅगझिन (काडतुसं भरायचा कप्पा) आजोबा पोरांना कौतुकानं दाखवायचे. पुढं १९५८ ला दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. संपायलाच हवी होती, असं माझं मत. उरले ते पिकाच्या राखणीसाठी परवाना घेतलेले शेतकरी, माजी सैनिक आणि बँकांचे बंदूकधारी. ऐंशीच्या दशकात सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हापासून परदेशी रायफल हवी तर ती देशातल्याच कुणीतरी विकायला काढावी लागते.

मग नवी काय मिळते? इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ (नळीच्या आतला व्यास इंचात, म्हणजे आठ मिलिमीटर). तिची जात इंग्रज फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीची. काडतूस नळीत ढकलून मागनं बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. बोल्ट अडकवणारे खुंटे मागच्या बाजूला, बोल्टची मूठ साधारण ६० अंशच उचलायची आणि बार उडवणाऱ्या पिनची स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढं ढकलताना. त्यामुळं हात झपाझप चालतो. १८९८ च्या मौझरचं उलटं. दोन दणकट खुंटे थेट नळीच्या मागच्या तोंडाशी, मागं तिसरा राखीव, मूठ पूर्ण ९० अंश. शिवाय बोल्टला पोलादी पंजा. मॅगझिनमधनं काडतूस वर आलं की तो त्याची कड पकडतो आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. अमेरिकेच्या विंचेस्टर मॉडेल ७० लाही असाच पंजा होता. १९६४ ला खर्च वाचवायला तो काढला, गिऱ्हाइकं चिडली आणि नव्वदच्या दशकात कंपनीला तो परत आणावा लागला. रेमिंग्टन ७०० मात्र १९६२ पासून पंजाविना मजेत खपली. हा वाद आमच्याकडं चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत पुरतो.

माझं विचाराल तर बनावटीत मौझर सरस. पण पोट भरलं ते .३१५ नं. तिची गोळी मूळची ऑस्ट्रियन लष्कराची. .३०३ हा लष्करी बोअर इंग्रजांनी सामान्य लोकांना बंद ठेवला, म्हणून ही रुजली; .३०३ आजही निषिद्धच आहे. खडकीच्या कारखान्यातल्या .३१५ च्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' आणि '८ एमएम' असा शिक्का असतो. तो वाचून एखादा म्हणतो, "माझी मौझर पण आठ एमएमचीच की!" तेव्हा दोन्ही काडतुसं शेजारी उभी करून दाखवावी लागतात. मौझरचं ५७ मिलिमीटर लांब, बूड सपाट; .३१५ चं ५० मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेली कड. एकाचं दुसरीत घालायचं नाही, विषय संपला.

२०१९ च्या महापुरानं दोन्ही बनावटींची आमच्याच टेबलावर परीक्षा घेतली. चिखली-आंबेवाडीकडनं लोक पोत्यात गुंडाळून बंदुका घेऊन आले. आत गाळ, वर तांबडा गंज. भाऊ आधी एकच बघायचा, "बार हाय काय आत?" मौझरचा सेफ्टीचा खटका उभा करून बोल्ट काढायचा, मागची छोटी कळ दाबून टोपण फिरवायचं, की पिन-स्प्रिंग सगळं हातानं बाहेर. .३१५ चं बोल्टचं डोकं हातानं सुटतं, पण आतली पिन काढायला खास पान्हा लागतो. आमचा आजोबांच्या वेळचा आहे. लाकडाचं मात्र उलटं झालं. मौझरचा एकसंध दस्ता भिजून अख्खाच वाकतो. .३१५ चा दस्ता दोन तुकड्यांचा, त्यामुळं बिघडला तेवढाच तुकडा बदलला.

त्याच वर्षी डिसेंबरात कायदा बदलला आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. तिसरं काढायचं म्हटल्यावर कपाटातल्या जुन्या मौझर बाजारात आल्या. बघायला गर्दी व्हायची, पण त्यातल्या .४२३ बोअरच्या मौझरची गोळी मिळणार नाही म्हटलं की माणूस हळूच .३१५ च्या रॅककडं वळायचा. २०२१ ला आयुध कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, इशापूरच्या मालावरचं नाव बदललं. रायफल तीच.

आता दुकानाला वेगळीच दिशा लागली आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झाली आणि पालक चौकशीला येऊ लागले. २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं, त्यानंतर तर रोजच. या खेळातली .२२ ची रायफलही बोल्टचीच, पण एकेक गोळी हातानं भरायची. पंजा, मॅगझिन हे वादच नाहीत. चाप किती नितळ सुटतो आणि नळी कशी बसवली आहे एवढंच बघायचं. अशा रायफलीची आयात नामांकित नेमबाजाला करता येते, नवख्याला नाही. त्यामुळं पोरं आधी क्लबच्या जुन्या जर्मन रायफलवर शिकतात, आणि तिचा गालटेका किंवा हाताचा टेका मोडला की जर्मनीकडनं मागवत बसावं लागतं. हे टेके आम्ही उद्यमनगरातल्या एका सीएनसीवाल्याकडनं ॲल्युमिनियममध्ये करून घेतो. पुतणी स्वतः नेमबाज, मापं तीच घेते. पहिल्या खेपेचे टेके क्लबात लागलेत. डावखुऱ्या पोरांसाठीची मापं अजून ठरायची आहेत.