बो-रा कुणाला आवडते?

मी मार्केट रिसर्चमध्ये गटचर्चा घेते. प्रभात रोडवर आमची खोली आहे. गोल टेबल, रेकॉर्डर, एका भिंतीला एकतर्फी काच आणि काचेमागे क्लायंट. त्या दिवशीचा क्लायंट चेहऱ्याचं क्रीम विकणारा. कोरियन मालिका बघणाऱ्या मुलींना नायिकेसारखं दिसायचं असतं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. आम्ही फक्त शिक्का मारायचा.

मुली विशीच्या आतबाहेरच्या, बहुतेक सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या. त्वचेचा विषय लगेच आटपला. मग 'रिप्लाय १९८८' या कोरियन मालिकेच्या पहिल्या भागातला तुकडा लावला. मधली बहीण दोक-सन. थोरल्या बो-राला आणि धाकट्या भावाला तळलेलं अंडं, हिला नाही. वाढदिवससुद्धा थोरलीच्याच केकवर उरकायचा. शेवटी सगळ्यांसमोर तिचा बांध फुटतो.

"आमच्याकडे हे मटणाच्या नळीवरून होतं," बारामतीची म्हणाली. सगळ्या हसल्या, ती सोडून. "ही ओरडली तरी. मी अजून मागितलेली नाही."

आता दोक-सनचंच कौतुक चालणार, असं मला वाटलं. पण मुली भाळल्या बो-रावर! तुसडी, बहिणीच्या झिंज्या उपटणारी, १९८८ साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनात उतरलेली बो-रा.

"आपल्या मालिकेत ही खलनायिका झाली असती, मोठ्या टिकलीसकट. आपल्याकडे नायिका म्हणजे सून. इथे मुलगी मुलगीच राहते." (वहीत हे मी दोनदा अधोरेखित केलं.)

काचेपलीकडून चिठ्ठी आली, नायिकेच्या स्किनबद्दल विचारा. विचारलं. कुणी दाद दिली नाही.

अर्थशास्त्र शिकणारी एकजण इतका वेळ गप्प होती. "एवढ्या हुरळू नका गं. बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या गटात सगळ्यात जास्त कोरियातच आहे, ३० टक्क्यांच्या आसपास. तिथल्या मुलीही हे आपल्यासारखंच आशाळभूतपणे बघत असतील."

"मग त्यात कोरियाचं असं काय उरलं?"

"रात्री गल्लीत बाप केक घेऊन येतो आणि दोक-सनची माफी मागतो, ते."

"हॅ! ते तर तिथेही लेखकानंच घडवलेलं असणार."

दोघी जिना उतरेपर्यंत भांडत होत्या. रिपोर्टात मी क्रीमला एक पान दिलं, बाकीची बो-राला. क्लायंटनं पुढचं काम दुसऱ्या एजन्सीला दिलं.