धुराच्या खोलीची परवानगी: आमच्या प्रोजेक्टचा अनुभव

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी फायरमनच्या बुटावर बसेल असा सेन्सर बनवला. इमारतीच्या आत जीपीएसचा भरवसा नसतो, म्हणून पावलांवरूनच माणूस कुठे पोचला ते काढायचं. कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या वूस्टरच्या आगीबद्दल वाचून. ३ डिसेंबर १९९९ ला तिथल्या एका जुन्या शीतगृहात दोन जवान वाट चुकले आणि त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. त्याच शहरातल्या वूस्टर पॉलिटेक्निकने पुढे जवानांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रणेवर काम केलं.

यंत्र झालं. पाऊल टेकतं त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, तिथे दर पावलाला हिशेब सुधारायचा. मजला हवेच्या दाबावरून कळतो, तीन मीटर चढलं की दाब साधारण ०.३६ हेक्टोपास्कलने उतरतो. माहिती बाहेर पाठवायला लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ, वापरलं, कारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही.

परवानगी लागली ती चाचणीला, आणि तिथेच आम्ही रखडलो. कॉलेजच्या जिन्यात सगळं छान चालायचं. पण बीए सेट (श्वासासाठी हवेची टाकी आणि मुखवटा) पाठीवर घेतलेला जवान धुरात सरळ चालत नाही, भिंतीला हात लावून वाकून, प्रसंगी रांगत सरकतो. त्यासाठी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रातली धुराची खोली हवी होती. दलाच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "एनओसी का मॉक ड्रिल?" दोन्ही नाही म्हटल्यावर भांडार विभागात पाठवलं. तिथे म्हणाले, तुम्ही काही विकत नाही, मग आमच्याकडे कशाला? विद्यार्थ्यांची चाचणी कोणत्या टेबलाची, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी आवक शिक्का मिळाला, अर्जावर "अभिप्रायार्थ सादर" असा शेरा पडला आणि फाइल थांबली. (आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्याच. त्याशिवाय पुढच्या खेपेला कोणी अर्ज शोधतसुद्धा नाही.)

मग हमीपत्र मागितलं. कॉलेज म्हणे आधी दलाची परवानगी दाखवा, मग सही करतो. दलाचे लोक म्हणत आधी कॉलेजची सही आणा. व्हायवा जवळ येत होती आणि यंत्र कपाटात पडून होतं. मला आजही याचा राग येतो. ज्यांच्या जिवासाठी हे बनवलं, ते त्याच आवारात कवायत करत होते आणि आम्ही बाहेर बाकावर बसलेलो.

गाठ सुटली अग्निशमन सेवा सप्ताहात. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो १४ ते २० एप्रिलला पाळतात, आणि तेव्हा केंद्रात लोकांना प्रात्यक्षिकं दाखवतात. तिथे एका स्टेशन ऑफिसरांना आम्ही यंत्र दाखवलं. त्यांनी ते स्वतःच्या बुटाला बांधून पाहिलं, "पोरांनो, अर्जाची प्रत आहे का?" म्हणाले आणि उभ्या उभ्या तिच्यावर लिहिलं: ड्युटीवरील कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली हरकत नाही. ती ओळ दाखवल्यावर कॉलेजने सही केली. तुम्हाला असं काही करायचं असेल तर कार्यालयाआधी केंद्रावरच्या माणसांना भेटा.

खोलीतल्या पहिल्याच फेरीत जे कळलं ते जिन्यात कधीच कळलं नसतं. रांगताना पाऊल टेकतच नाही, त्यामुळे नकाशावरचा ठिपका भिंतीपार गेला. कमरेला दुसरा सेन्सर लावला तेव्हा तो आटोक्यात आला. जाड हातमोज्यात आमचं बटण दाबलं जाईना, तिथे ओढायची कडी बसवली. जवानांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या, आणि त्यांच्यातल्या एकाने कडी छातीच्या डाव्या बाजूला घ्यायला सांगितली.

आणखी एक राहिलं. अर्जाच्या विषयातच "फक्त कृत्रिम धूर, प्रत्यक्ष आग नाही" असं लिहा. निम्मे प्रश्न त्याबद्दलचेच होते.