अर्ध्या भाकरीला ११ घोट

अमळनेरकडचं ते कुटुंब सकाळच्या सुरत-भुसावळ गाडीने जळगावला आलं होतं. ९ वर्षांचा मुलगा, वडील, आजी. वडिलांचं एकच म्हणणं, "साहेब, आता ते स्टेरॉईड बंदच करून टाका."

म्हणणं चुकीचं नव्हतं. दीड वर्षापूर्वी घास अडकतो म्हणून मुलगा आला. दुर्बिणीतून अन्ननलिकेचे तुकडे काढले, तर सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात ६० च्या वर इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. १५ झाल्या तरी आम्ही आजार धरतो: इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची ॲलर्जीची सूज. त्यावर स्टेरॉईड, दम्याच्या वाफेचं ब्युडेसोनाईड, मधात घोळून रोज १ मिलिग्रॅम गिळायचं, वर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. (मेडिकलवाल्याने "हे प्यायचं नसतं" म्हणून एकदा परत पाठवलं होतं. त्याचं काय चुकलं?) १२ आठवड्यांत पेशी ४ वर आल्या. गिळलेलं बरंचसं औषध यकृतातच निकामी होतं, तरी वर्षभर चाललं की उंची, सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड), घशातली बुरशी यांवर नजर ठेवावी लागते. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीच डोस अर्ध्यावर आणला होता.

"आते बरा शे पोऱ्या," आजी म्हणाल्या. मुलानेही मान हलवली.

दुपारचा एक वाजून गेलेला. आजींनी फडकं सोडलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. म्हटलं, इथेच जेवू द्या त्याला.

गार झालेली कळण्याची भाकरी चांगलीच कोरडी. पोराने नखाएवढे तुकडे केले, एकेक चघळत बसला आणि दर तुकड्यामागे बाटली तोंडाला. अर्धी भाकरी, ११ घोट, २५ मिनिटं. घरच्यांना त्यात काही वावगं दिसेना. तो पहिल्यापासून सावकाशच जेवतो म्हणे. मी दर वेळी "अडकतं का?" एवढंच विचारत आलो होतो. अडकू नये म्हणून तो काय काय करतो, हे कधी विचारलंच नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण. पेशी ३२.

डोस परत १ मिलिग्रॅमवर. जोडीला दूध पूर्ण बंद, कारण मुलांत या आजारामागे बहुतेकदा दूधच निघतं. पेशी उतरल्या की मगच पुन्हा डोस कमी, आणि त्यानंतरची दुर्बीण "बरा आहे" ऐकून टाळायची नाही. घरी दोन म्हशी. ताक, दही, पेढे, सगळंच गेलं.

"आणि चहा?" वडिलांनी विचारलं.

"कोरा."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातवाकडे बघत म्हणाल्या, "मी बी कोराच पिसू."