आमची वाटचाल: फवारणीपासून तपासणीपर्यंत

आमच्या पेस्ट कंट्रोल व्यवसायाची सुरुवात झाली तेव्हा आम्ही दोघे भाऊ, पाठीवर घ्यायचे दोन पंप आणि झुरळ-वाळवीची कामे एवढाच आमचा पसारा होता. ढेकणांचे काम आम्ही जोडकाम म्हणून घेत असू, कारण गादी आणि पलंग नीट फवारला की ते संपते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत एका हॉटेलच्या कामात मोडली.

त्या हॉटेलमधील एका खोलीची तक्रार आली, आम्ही ती खोली फवारून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पाहुण्यांना देण्यात आली. तीन आठवड्यांनी शेजारच्या खोलीतील पाहुण्याच्या दंडावर ओळीने गांध्या उठल्या आणि त्यानंतर चारच दिवसांत पलीकडच्या खोलीतूनही तशीच तक्रार आली. व्यवस्थापक रागावले नाहीत; त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही नेमके काय मारलेत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्ही पंप बाहेर ठेवला, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पलंगाच्या उशाशी भिंतीला ठोकलेली फळी प्रथमच उतरवली. फळीच्या मागे शाई शिंपडावी तसे विष्ठेचे काळे ठिपके होते, कोमेजलेल्या टरफलांसारख्या कातींचा थर होता आणि स्क्रूच्या भोकाच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढरी अंडी चिकटून बसलेली होती. भिंतीतून गेलेल्या वायरीच्या नळीलगत फट होती आणि नळीचे दुसरे टोक शेजारच्या खोलीत उघडत होते. आमच्या फवाऱ्याने चार ढेकूण मेले असतील, पण उरलेल्यांना आम्हीच बिळाबाहेर हुसकून पुढच्या खोलीत पाठवले होते. तिन्ही खोल्यांचे काम आम्ही पैसे न घेता पुन्हा केले.

त्यानंतर आम्ही या कीटकाचा अभ्यास गंभीरपणे सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीमुळे ढेकणांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटत होता, मात्र डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच नोंदले गेले होते, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांचीही अनेक ठिकाणी तीच गत झाली आहे. अंड्यावर तर बहुतेक फवारण्यांचा परिणाम फारसा होत नाही, आणि उबदार खोलीत ते सहा ते दहा दिवसांत फुटते. म्हणूनच दोन आठवड्यांनी दुसरी फेरी केल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाले असे लिहून देत नाही. खोली महिनाभर बंद ठेवण्याचा उपाय काही ग्राहक सुचवतात, पण रक्त न मिळताही ढेकूण कित्येक महिने तग धरतो.

उष्णतेचे यंत्र घेणे हा आमच्या लहान व्यवसायाला न पेलणारा खर्च होता, तरी तो केल्याचा आम्हाला कधीही पश्चात्ताप झाला नाही. पन्नास अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. अडचण असते ती खोलीतील सर्वांत थंड कोपऱ्याला तिथवर नेण्याची. म्हणून आम्ही तापमापक हवेत टांगत नाही, तर गादीच्या घडीत, कपाटाच्या तळाशी आणि भिंतीच्या पट्टीमागे ठेवतो आणि तेथील आकडा चढून काही तास टिकेपर्यंत यंत्र चालू राहते. हॉटेलमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते: आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरची लाल कुपी सहसा ६८ अंशांना फुटते, त्यामुळे अग्निसुरक्षा पाहणाऱ्या माणसाशी बोलल्याखेरीज आम्ही बटण दाबत नाही.

भाड्याच्या घरांमधील कामे मात्र वेगळीच असतात, कारण तेथे कीटकाच्या आधी भांडण समोर येते. एका घरात भाडेकरू कुटुंब येऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते आणि ढेकूण त्यांनीच आणले, असे घरमालक ठामपणे सांगत होते. त्या घरातील ताई मान खाली घालून मुलाच्या मानेवरच्या गांध्या दाखवत होत्या. आम्ही घरमालकांच्याच जुन्या पलंगाचा सांधा उघडून आतील काती पांढऱ्या कागदावर ठेवल्या. पिल्लू मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीआधी त्याला रक्त लागते. या वाढीला अनुकूल हवेतही महिनाभर तरी जातो. त्या सांध्यात सर्व आकारांच्या काती एकावर एक साचलेल्या होत्या. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग वरच्या, खालच्या व दोन्ही बाजूंच्या घरांची तपासणी करण्यास त्यांनीच होकार दिला. ढेकूण अस्वच्छतेमुळे होतात हा समज आम्ही प्रत्येक ठिकाणी खोडून काढतो. ते सामानातून येतात आणि स्वच्छ चादरीवरही तितकेच सुखाने राहतात. एक गोष्ट आम्ही कोणत्याही मोबदल्यात करत नाही: राहत्या इमारतीत धुरीच्या गोळ्या ठेवणे. त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू फटींतून शेजारच्या घरात शिरतो आणि त्याने झोपेतल्या माणसांचे जीव गेलेले आहेत.

आज आमच्याकडे नऊ माणसे आहेत आणि कामाचा मोठा वाटा तपासणीचा आहे. हॉटेलांच्या विनंतीवरून आमची गाडी नाव न लिहिता जाते, ते आम्हाला मान्य आहे. मात्र चादरी बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांना तासभर शिकवण्याची आमची अट असते, कारण गादीची शिवण रोज त्यांच्याच हाताखालून जाते. ज्या हॉटेलात आमची फजिती झाली होती, तेथील एका मावशींनी गेल्या हंगामात गादीच्या कोपऱ्यातील एकच काळा ठिपका पाहून खोली थांबवली. आम्ही दुपारी पोहोचलो, फळी उतरवली, तेव्हा मागे दोनच ढेकूण होते आणि अंडे एकही नव्हते.