आजीहून लहान सरोवर

आधीच सांगते, आइसलँडला गेलात तर राजधानी रेक्याविकहून योकुल्सारलोन, म्हणजे ते हिमनगांचं सरोवर, एका दिवसात करू नका. आम्ही केलं म्हणूनच सांगतेय. जायचंच अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, सकाळी 7 ला बसमध्ये चढलो ते रात्री साडेनऊला उतरलो आणि त्यातले नऊ-दहा तास नुसते सीटवर. पण आईचा गुडघा दुखतो, आणि मला उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते, मग टूरशिवाय काय करणार. मी डब्लिनला असते, आई दोन महिन्यांसाठी आलेली, सप्टेंबरात चार दिवस काढले आणि निघालो. (आयर्लंडचा व्हिसा तिकडे चालत नाही बरं का, शेंगेन वेगळा काढावा लागतो, मला हे फार उशिरा कळलं.)

आईने पहाटे उठून स्टीलच्या डब्यात धपाटे भरले होते. मी म्हटलं अगं वाटेत मिळतं सगळं. ती म्हणाली मिळू दे. वीक नावाच्या गावात पेट्रोल पंपावर बस थांबली तेव्हा मटणाच्या सूपसाठी इतकी लांब लाईन होती आणि आमच्याकडे वीस मिनिटं, शेवटी बाहेर वाऱ्यात उभं राहून धपाटेच खाल्ले.

वीकच्या पुढे रस्ता एकदम वेगळा होतो. मैलोन्‌मैल गोळे गोळे झालेला लाव्हा आणि त्यावर गादीसारखं जाड शेवाळ, हा लाकी ज्वालामुखीच्या 1783 च्या उद्रेकाचा लाव्हा. आठ महिने चालला होता तो, विषारी वायूने आधी गवत गेलं मग गुरं मग माणसं, देशातली साधारण पाचातली एक व्यक्ती दगावली. गाईडने हे माईकवर इतक्या शांतपणे सांगितलं की अर्धी बस झोपलेलीच राहिली. मग स्काफ्टाफेल नावाच्या ठिकाणाच्या अलीकडे रस्त्याकडेला एका पुलाचे लोखंडाचे दोन वाकडेतिकडे गर्डर ठेवलेत. 1996 मध्ये वात्नायोकुल हिमनदीच्या खाली ज्वालामुखी फुटला, वरचा बर्फ वितळून पाणी आत साठत राहिलं आणि एक दिवस सगळं एकदम बाहेर आलं, घराएवढे हिमखंड घेऊन, त्यात हा पूल गेला. आई बराच वेळ मागे वळून बघत होती. सावित्रीचा पूल आठवला, म्हणाली.

सरोवरापाशी पोचलो 1 वाजता. बसमधून आधी काही दिसत नाही, नुसता एक झुलता पूल दिसतो, आणि पूल ओलांडला की डावीकडे ते. निळे, पांढरे, काही तर काळे पट्टे असलेले हिमनग, पाण्यात अगदी हळू फिरत असलेले. काळे पट्टे म्हणजे जुन्या उद्रेकांची राख, बर्फाच्या थरात अडकलेली. आणि निळा रंग अशासाठी की वरच्या वजनाने बर्फ इतका दाबला जातो की हवेचे बरेचसे बुडबुडे निघून जातात, मग लाल प्रकाश बर्फ गिळतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. नुकता उलटलेला हिमनग सगळ्यात निळा, चार दिवस उन्हात राहिला की पांढरा पडतो. इथे आपल्याकडच्या एका हिंदी गाण्याचं शूटिंग झालंय हे बसमधल्या दिल्लीच्या मुलींनी सगळ्यांना ऐकवून झालं होतं, त्यांनी साड्या पण आणल्या होत्या. थंडीत त्या कशा नेसल्या देव जाणे.

बोट म्हणजे चाकं असलेली बोट, बससारखी रस्त्याने येते आणि तशीच पाण्यात उतरते. बोटीवरच्या मुलीने पाण्यातून बर्फाचा काचेसारखा तुकडा उचलला, फोडून सगळ्यांच्या हातात दिला आणि म्हणाली हा हजार वर्षांचा असेल, खा. आईने जिभेला लावला. "चव काहीच नाही गं." उरलेला तिने रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. मी काही बोलले नाही.

मग ती मुलगी म्हणाली, बर्फ हजार वर्षांचा पण हे सरोवर मात्र 1934-35 च्या सुमाराचं. त्याआधी इथे हिमनदीच होती, पार समुद्राजवळपर्यंत. ती मागे सरकत गेली आणि जिथे तिचं वजन होतं तिथे हा खड्डा उरला, आज अडीचशे मीटर खोल, देशातलं सगळ्यात खोल सरोवर, आणि अजून वाढतंय. मी आईला भाषांतर करून सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे आईपेक्षा लहान." आजी 1932 ची. गुहागरला असते, अजून स्वतः चहा करते.

ते डोक्यातून जाईना माझ्या. बाकी कुठलाही डोंगर, नदी बघा, आपल्याआधी होतं, आपल्यानंतर असणार, असंच धरून चालतो ना आपण. आणि इथे भलं मोठं सरोवर, ज्याच्या जन्माच्या वेळी आमची आजी रांगून झाली होती.

पाण्यात सील होते, नुसती डोकी वर. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, त्यामागे मासे येतात, त्यामागे सील. आईचा निकाल लगेच: "मग खाडीच की ही." निमखारं पाणी, भरती-ओहोटी, गुहागरच्या बाईला आणखी काय पुरावा पाहिजे.

रस्त्यापलीकडे काळा किनारा आहे, तिथे समुद्राने परत फेकलेले बर्फाचे तुकडे काळ्या वाळूवर पडलेले असतात, डायमंड बीच म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा फार नव्हते, पंधरा-वीस असतील, ते सगळं भरतीवर आणि नशिबावर. नीट कान दिला तर वितळताना चटचट आवाज येतो, आतली जुनी हवा सुटते त्याचा. तिथून आजीला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे साडेसात वाजलेले, टीव्ही चालू. आईने फोन फिरवून सगळा किनारा दाखवला. आजी डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा बर्फ ओतलाय गो, आणि मासळी खंय?"

परतीला रेनिसफ्यारा, हाही काळ्या वाळूचा किनारा. इथे लाटा अचानक आत येतात, माणसं ओढून नेलेली आहेत, म्हणून धोक्याचे दिवे लावलेत. गाईडने तीनदा सांगितलं समुद्राकडे पाठ करू नका. आई म्हणाली हे मला लहानपणीच शिकवलंय. बाजूलाच बेसॉल्टचे षटकोनी खांब, ऑर्गनच्या नळ्यांसारखे, लोक त्यावर चढून फोटो काढत होते. असेच खांब अंधेरीला गिल्बर्ट हिलवर आहेत, साडेसहा कोटी वर्षं जुने, आइसलँडचा सगळ्यात जुना दगडसुद्धा दीड-पावणेदोन कोटींच्या पलीकडे नाही. मी अंधेरीत 24 वर्षं राहिले, टेकडी घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, एकदाही गेले नाही.

स्कोगाफॉस धबधबा अंधार पडता पडता पंधरा मिनिटांत उरकला. पायऱ्या चढायला वेळच दिला नाही, दिला असता तरी आई चढली नसती, पण मला राग आला तो आलाच. म्हणून म्हणते, एका दिवसात नको, सरळ वीकला किंवा होफ्न गावात रात्र काढा.

हॉटेलवर येऊन आईने डबा उघडला. अर्धी वाटी पाणी आणि तळाला चिमूटभर काळी राख. तिने बोट बुडवून ती राख पाहिली, मला दाखवली, मग सिंकमध्ये ओतलं, डबा घासला आणि टॉवेलवर पालथा घातला.